गुरू ग्रह थ्रीडीमध्ये बघा: दोन फोटो, दहा मिनिटं आणि आपले दोन डोळे

दुर्बिणीतून काढलेले गुरूचे फोटो तुम्ही इन्स्टाग्रामवर किंवा एखाद्या व्हॉट्सॲप ग्रुपवर नक्की पाहिले असतील. तपकिरी पट्टे, मध्येच तो प्रसिद्ध लाल डाग, बाजूला एखादा चंद्र. असे फोटो फक्त नासाच काढते असं आता राहिलेलं नाही. गच्चीवर किंवा अंगणात दुर्बीण लावून बसणारे हौशी लोकसुद्धा गुरूच्या ढगांमधले बारीक भोवरे टिपतात. पण या सगळ्या फोटोंमध्ये एक गोष्ट खटकते. गुरू सपाट दिसतो, पोळपाटावरच्या पोळीसारखा.

हा सपाट गुरू गोल करता येतो. त्यासाठी महाग हेडसेट नको, खास ॲप नको आणि एआय तर अजिबातच नको. एकाच रात्री साधारण दहा मिनिटांच्या अंतराने काढलेले गुरूचे दोन फोटो घ्यायचे, फोनवर शेजारी-शेजारी ठेवायचे आणि एका विशिष्ट पद्धतीने त्यांच्याकडे बघायचं. काही सेकंदांत ती पोळी फुगते आणि चेंडू होतो. याला स्टिरिओ जोडी म्हणतात. यातली खोली खरी किती आणि भासाची किती, हेही या लेखात बघू, कारण गुरूच्या चंद्रांच्या बाबतीत ही युक्ती चक्क फसवते.

दोन डोळ्यांचं गणित

एक बोट नाकासमोर धरा. आधी डावा डोळा मिटा, मग उजवा. बोट मागच्या भिंतीवर इकडून तिकडे उडी मारतं. आपल्या दोन डोळ्यांमध्ये साधारण साडेसहा सेंटिमीटर अंतर असतं, त्यामुळे प्रत्येक डोळ्याला जग थोडं वेगळं दिसतं. जवळची वस्तू जास्त सरकते, लांबची कमी. मेंदू हा फरक मोजतो आणि त्यातून खोली तयार करतो.

इंग्लंडमधल्या चार्ल्स व्हीटस्टन यांनी १८३८ मध्ये हे सिद्ध करून दाखवलं. दोन कोनांतून काढलेली दोन सपाट चित्रं प्रत्येक डोळ्याला वेगवेगळी दाखवली की मेंदू फसतो आणि खोली दिसते. गंमत म्हणजे फोटोग्राफी तेव्हा लोकांपर्यंत पोचलीही नव्हती, त्यांनी हे रेघांच्या आकृत्यांवर केलं. पुढे १८५०च्या दशकात वॉरन डी ला रू या हौशी आकाशनिरीक्षकाने चंद्राच्या फोटोंच्या स्टिरिओ जोड्या बनवल्या. म्हणजे हौशी लोकांनी आकाश थ्रीडीत बघण्याचा नाद दीडशेहून अधिक वर्षं जुना आहे.

गुरूसाठी डोळे किती लांब हवेत?

गुरू पृथ्वीच्या जवळ येतो तेव्हासुद्धा तो आपल्यापासून साधारण ६३ कोटी किलोमीटर दूर असतो. एवढ्या अंतरावर साडेसहा सेंटिमीटरच्या डोळ्यांचा काय उपयोग? समजा एक मित्र मुंबईत आणि एक अमेरिकेत बसला, दोघांनी एकाच क्षणी फोटो काढला, तरी काही फरक दिसणार नाही. पृथ्वीचा व्यासच जेमतेम १२,७४२ किलोमीटर आहे. गुरूच्या अंतरापुढे हा आकडा म्हणजे काहीच नाही.

मग फोटोत फरक येतो कुठून? तो आणून देतो गुरू स्वतः. आपण त्याच्याभोवती फिरू शकत नाही, पण तो आपल्यासमोर स्वतःभोवती फिरतो, आणि फार वेगाने फिरतो. त्याचा एक दिवस सुमारे ९ तास ५५ मिनिटांचा. हिशोब केला तर तासाला ३६ अंश, म्हणजे दहा मिनिटांत ६ अंश. चेंडू हातात धरून ६ अंश फिरवणं आणि चेंडू जागेवर ठेवून आपण ६ अंश बाजूला सरकणं, डोळ्यांसाठी दोन्ही सारखंच.

हे ६ अंश म्हणजे किती? हातभर अंतरावर, साठेक सेंटिमीटरवर, एक चेंडू ठेवला तर आपले दोन डोळे त्याच्याकडे साधारण ६ अंशांच्या फरकाने बघतात. म्हणून दहा मिनिटांच्या अंतराचे दोन फोटो जुळवले की गुरू आपण हातात धरलेल्या चेंडूसारखा दिसतो. प्रत्यक्षात असं दृश्य दिसायला तुमचे दोन डोळे एकमेकांपासून साडेसहा कोटी किलोमीटर लांब असावे लागतील. पृथ्वी-सूर्य अंतर १५ कोटी किलोमीटर आहे, म्हणजे त्याच्या निम्म्याला थोडं कमी.

दहा मिनिटांचा आकडा दगडावरची रेघ नाही. आठ ते पंधरा मिनिटं चालतात. अंतर फार कमी ठेवलं तर खोली दिसत नाही, फार जास्त ठेवलं तर गुरू अंड्यासारखा आपल्या अंगावर येतो आणि शेवटी दोन चित्रं जुळतच नाहीत.

एक शंका येऊ शकते. गुरू काही दगडाचा नाही, त्याचे ढग वाहत असतात. मग दहा मिनिटांत ढगच बदलले तर? तिथले वारे साधारण सेकंदाला शंभर मीटरच्या घरात वाहतात. दहा मिनिटांत ढग सरकतात ६० किलोमीटर. त्याच वेळात नुसत्या फिरण्यामुळे मधला भाग सुमारे साडेसात हजार किलोमीटर सरकतो. त्यापुढे ६० किलोमीटर कुणाच्या लक्षातही येणार नाहीत.

फोटो कुठून आणायचे?

स्वतःची दुर्बीण असेल तर प्रश्नच नाही. नसेल तर हौशी ग्रह-छायाचित्रकारांचे फोटो साठवणारी सार्वजनिक संग्रहस्थळं आहेत. स्पेनमधल्या बास्क कंट्री विद्यापीठाशी जोडलेलं पीव्हीओएल आणि जपानमधलं अल्पो-जपान ही दोन मोठी नावं. तिथे जगभरातले लोक आपापले गुरू, मंगळ, शनी जमा करतात. आपल्याकडे पुण्याची ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४ पासून आहे. अशा संस्थांच्या सदस्यांमध्ये ग्रहांचे फोटो काढणारे लोक भेटू शकतात.

हे लोक फोटो कसा काढतात ते थोडं समजून घ्या, म्हणजे जोडी निवडणं सोपं जाईल. ते एकच क्लिक करत नाहीत. दुर्बिणीला छोटा व्हिडिओ कॅमेरा लावून दोन-तीन मिनिटांत हजारो फ्रेम घेतात. हवेच्या थरथरीमुळे बहुतेक फ्रेम बिघडलेल्या असतात. ऑटोस्टॅकर्टसारखं सॉफ्टवेअर त्यातल्या चांगल्या फ्रेम निवडतं, एकावर एक रचतं आणि त्यातून एक स्वच्छ फोटो निघतो. व्हिडिओ जास्त लांबवता येत नाही, कारण तोवर गुरू फिरतो आणि तपशील पुसले जातात. म्हणजे आपल्याला खोली देणारं तेच फिरणं त्यांच्यासाठी डोकेदुखी असतं. ती कमी करायला विनज्युपोस नावाचं मोफत सॉफ्टवेअर वापरून ते फिरण्याचा हिशोब उलटा करतात. पण हवा चांगली असली की माणूस रात्रभर एकामागून एक व्हिडिओ घेतो, त्यामुळे दहा मिनिटांच्या अंतराचे फोटो भरपूर सापडतात.

फोटोवर एका कोपऱ्यात तारीख, यूटी वेळ आणि सीएम असे आकडे असतात. यूटी म्हणजे जागतिक वेळ, त्यात साडेपाच तास मिळवले की आपली भारतीय वेळ. आपल्याला फक्त दोन वेळांमधला फरक हवा, त्यामुळे बदलत बसायची गरज नाही. सीएम म्हणजे त्या क्षणी चकतीच्या बरोबर मध्ये असलेलं रेखांश. दोन फोटोंच्या सीएममध्ये साधारण ६ चा फरक दिसला की जोडी मिळाली म्हणून समजा. सीएम एक, दोन, तीन असे प्रकार असतात, दोन्ही फोटोंत एकच प्रकार बघा.

जोडी शक्यतो एकाच माणसाची, एकाच रात्रीची आणि एकाच पद्धतीने प्रोसेस केलेली घ्या. एकाचा गुरू केशरी आणि दुसऱ्याचा निळसर असला तर दोन्ही डोळ्यांत भांडण लागतं आणि चित्र चमचमत राहतं. आणि एक साधी गोष्ट: स्वतः बघायला काही हरकत नाही, पण जोडी बनवून पोस्ट करायची असेल तर ज्याचा फोटो आहे त्याला विचारा आणि नाव द्या. त्या एका फोटोमागे त्याची रात्रभराची झोप गेलेली असते.

फोनवर जोडी बनवणं

कोणतंही साधं कोलाज ॲप चालेल. काम तीन टप्प्यांचं आहे, पण घाई केली की इथेच बिनसतं.

पहिलं, दोन्ही फोटो असे फिरवा की गुरूचे पट्टे आडवे होतील. आपले डोळे आडव्या रेषेत आहेत, तेव्हा गुरूचं फिरणंही आडवंच दिसलं पाहिजे. बऱ्याच फोटोंत पट्टे तिरके असतात, कारण आकाशात गुरू तिरकाच दिसतो. दुसरं, दोन्ही फोटो सारखे क्रॉप करा, गुरू दोन्हीकडे बरोबर मध्ये आणि सारख्याच आकाराचा. कोपऱ्यातली अक्षरं कापून टाका, नाहीतर दोन वेगळ्या वेळांचे आकडे एकमेकांवर चढून डोळ्याला त्रास देतात. कापलेलं नाव खाली कॅप्शनमध्ये लिहायचं, हे वर म्हटलंच आहे. मग कागदाची सरळ कड स्क्रीनवर आडवी धरा. डावीकडचा पट्टा आणि उजवीकडचा पट्टा एकाच रेषेत आला तर ठीक. एक वर-एक खाली असेल तर डोळे दुखतील.

तिसरा टप्पा क्रमाचा. उत्तर वर असलेल्या फोटोत गुरूवरची ठिकाणं डावीकडून उजवीकडे सरकतात. याचा अर्थ, नंतर काढलेला फोटो डाव्या डोळ्याने आणि आधी काढलेला उजव्या डोळ्याने बघायला हवा. डोळे तिरपे करून बघणार असाल, ज्याला क्रॉस-आय म्हणतात, तर डावा डोळा उजवीकडचा फोटो बघतो. म्हणून क्रॉस-आयसाठी आधीचा फोटो डावीकडे, नंतरचा उजवीकडे. आपण मराठी लिहितो तशी वेळ डावीकडून उजवीकडे जाते, एवढं लक्षात ठेवलं की झालं. पॅरलल पद्धतीला याच्या बरोबर उलट.

काही जुन्या परंपरेतले निरीक्षक दक्षिण वर ठेवून फोटो देतात, कारण दुर्बिणीत चित्र उलटं दिसतं. तसा फोटो असेल तर एकतर दोन्ही १८० अंशांत फिरवा किंवा क्रम बदला. माझी पहिली जोडी नेमकी इथेच फसली होती. बराच वेळ डोळे फाडून बघितल्यावर गुरूच्या जागी वाटी दिसायला लागली, आतून रंगवलेली. क्रम उलटा झाला की असंच होतं: कधी वाटी दिसते, कधी काहीच धड जुळत नाही.

बघायचं कसं?

क्रॉस-आय शिकायला सोपं. फोन आडवा करून साधारण ४० ते ४५ सेंटिमीटरवर धरा. फोन आणि नाक यांच्या मध्ये एक बोट आणा आणि नजर बोटाच्या टोकावर ठेवा. मागे फोनवर दोनाचे चार गुरू दिसू लागतील. बोट हळूहळू पुढे-मागे केलं की मधले दोन एकमेकांवर येतात आणि एकूण तीन गुरू उरतात. आता बोट न हलवता लक्ष मधल्या गुरूवर न्या. सुरुवातीला तो धूसर असतो. एखादा ठळक ठिपका, लाल डागाची कड वगैरे पकडून ठेवा. डोळे हळूहळू फोकस करतात आणि मग बोट काढून घेता येतं.

पॅरलल पद्धतीत फोनच्या आरपार लांब कुठेतरी बघतोय अशी नजर ठेवायची. इथे स्क्रीनचा आकार महत्त्वाचा. आजचे मोठे फोन आडवे धरले तर दोन गुरूंच्या केंद्रांमधलं अंतर सात सेंटिमीटरच्या वर जातं, म्हणजे आपल्या डोळ्यांपेक्षा जास्त. डोळे बाहेरच्या बाजूला फाकत नाहीत, त्यामुळे कितीही प्रयत्न केला तरी जुळणार नाही. यावर उपाय म्हणजे फोन उभा धरा. उभ्या स्क्रीनवर दोन्ही गुरू तीन-साडेतीन सेंटिमीटर अंतरावर येतात आणि काम होतं. फोन नाकाजवळ धरून, नजर सैल सोडून, हळूहळू लांब न्यायचा.

घरात जुना कार्डबोर्ड व्ह्यूअर पडला असेल तर उत्तम. गूगलने तो २०१४ मध्ये आणला आणि २०२१ मध्ये स्वतः विकणं बंद केलं, पण तसे पुठ्ठ्याचे आणि प्लास्टिकचे डबे अजून मिळतात. त्यात पॅरलल क्रमाची जोडी लावा आणि केंद्रांमधलं अंतर सहा सेंटिमीटरच्या आसपास ठेवा. डोळ्यांना यात सगळ्यात आराम मिळतो.

लाल-निळसर चष्म्याने बघायचा ॲनाग्लिफ प्रकारही आहे. इस्रोने ५ सप्टेंबर २०२३ रोजी चांद्रयान-३ च्या विक्रम लँडरचा असा फोटो प्रसिद्ध केला होता. प्रज्ञान रोव्हरच्या नॅव्हकॅमने डावीकडून आणि उजवीकडून टिपलेली दोन चित्रं एकत्र करून तो बनवला होता, डावं चित्र लाल रंगात, उजवं निळ्या-हिरव्यात. चंद्राची राखाडी माती असल्यामुळे तिथे ते छान जमतं. गुरूसाठी मात्र मी ॲनाग्लिफ सुचवणार नाही. तांबूस पट्टे आणि लाल डाग एका डोळ्याला उजळ आणि दुसऱ्याला काळपट दिसतात, शिवाय रंगांची मजा पूर्ण जाते.

डोकं जड झालं तर थांबा, दुसऱ्या दिवशी पुन्हा बघा. ज्यांना तिरळेपणा आहे किंवा एका डोळ्याने कमी दिसतं, त्यांना यातलं काहीही न दिसण्याची शक्यता आहे, आणि त्यात त्यांचं काही चुकत नाही. त्यांच्यासाठी दोन्ही फोटोंची पटापट बदलणारी जिफ बनवा. गुरू डुलताना दिसतो आणि गोलाई एका डोळ्यालाही कळते.

चंद्र मात्र गंडवतात

आता खरी मजा. गुरूसमोरून आयो हा चंद्र जात असतानाची जोडी मिळाली तर जरूर बघा. आयो ढगांच्या वर हवेत तरंगताना दिसतो. एकदम भारी. पण त्याची काळी सावली नीट बघा. ती तर ढगांवर पडलेली असते ना? जोडीत मात्र तीही आयोबरोबर हवेत तरंगते!

कारण आपण इथे वेळेला खोलीत बदललं आहे. जोडीत कोणती गोष्ट किती जवळ दिसणार हे एकाच गोष्टीवर ठरतं: दहा मिनिटांत ती किती सरकली. गुरूच्या विषुववृत्तावरचा ढग चकतीच्या मध्यभागी सेकंदाला साधारण १२.६ किलोमीटर वेगाने सरकतो. आयोचा वेग १७.३ किलोमीटर. आयो जास्त सरकला म्हणून मेंदू म्हणतो, हा जवळ आहे. सावलीसुद्धा आयोच्याच वेगाने धावते, म्हणून तीही जवळ. हिशोब केला तर जोडीत आयो ढगांच्या वर सुमारे २७,००० किलोमीटरवर दिसतो. खरा आयो तिथून साडेतीन लाख किलोमीटर वर असतो. वर-खाली बरोबर कळतं, अंतर मात्र साफ चुकतं.

पुढचं तर आणखी विचित्र आहे. युरोपाचा वेग सेकंदाला १३.७ किलोमीटर, म्हणजे ढगांपेक्षा जेमतेम जास्त, तो जवळजवळ ढगांना टेकलेला दिसतो. गॅनिमीड सूर्यमालेतला सगळ्यात मोठा चंद्र, पण त्याचा वेग १०.९ किलोमीटर. ढगांपेक्षा कमी! विषुववृत्ताजवळून जात असेल तर तो गुरूच्या पृष्ठभागाच्या आत बुडालेला दिसायला हवा. डोळा सांगतो हा समोर आहे, कारण त्याने ढग झाकलेत, आणि खोली सांगते हा आत आहे. मेंदूचा पार गोंधळ उडतो. कॅलिस्टोचा वेग ८.२, तो अजून खोल जातो. वरच्या अक्षांशांवर ढगांचा वेगच कमी असतो, त्यामुळे तिथे हे चित्र बदलतं.

म्हणून नियम सोपा: जे गुरूबरोबर एकसंध फिरतं त्याची खोली खरी, जे स्वतःच्या गतीने चालतं त्याची खोली खोटी.

ही खोटी खोलीसुद्धा कामाची आहे. १९ जुलै २००९ रोजी ऑस्ट्रेलियातले हौशी निरीक्षक अँथनी वेस्ली आपल्या दुर्बिणीतून गुरूचे फोटो घेत होते. दक्षिण ध्रुवाजवळ एक काळा ठिपका दिसला. एखाद्या चंद्राची सावली असेल असं वाटणं साहजिक होतं. पण मालिकेतल्या पुढच्या फोटोंमध्ये तो ठिपका शेजारच्या वादळाबरोबर, त्याच गतीने सरकत होता. म्हणजे सावली नव्हे, गुरूच्या ढगांवरचीच खूण. काहीतरी येऊन गुरूवर आदळलं होतं. शूमेकर-लेव्ही ९ धूमकेतूचे तुकडे १९९४ मध्ये आदळले त्यानंतर पंधरा वर्षांनी असा ताजा डाग सापडला, आणि तो सापडला एका हौशी माणसाला. वेस्लींनी स्टिरिओ वापरलं नव्हतं, फोटोंमधली गती बघितली. पण स्टिरिओ जोडीत तीच तुलना डोळे आपोआप करतात: पृष्ठभागावरचा डाग पृष्ठभागाला चिकटून राहतो, सावली त्यापासून सुटते.

कॅमेऱ्यावरच्या धुळीचं काय? धूळ फोटोत एकाच जागी राहते, सरकतच नाही. जोडीत ती गुरूच्या पोटात, कडेच्या पातळीवर खोल गेलेली दिसते. व्यावसायिक खगोलशास्त्रज्ञांनीही हे वापरलेलं आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला झाइस कंपनीतल्या कार्ल पुल्फ्रिख यांनी स्टिरिओ-कम्पॅरेटर नावाचं यंत्र बनवलं होतं. आकाशाच्या एकाच भागाच्या वेगवेगळ्या वेळच्या दोन काचप्लेटा त्यात बघितल्या की सरकलेला तारा किंवा लघुग्रह बाकीच्यांपासून सुटून पुढे-मागे दिसायचा. क्लाइड टॉम्बॉ यांनी १९३० मध्ये प्लूटो शोधला तो मात्र ब्लिंक-कम्पॅरेटरवर. आपली वरची डुलणारी जिफ त्याचीच लहान बहीण.

मंगळ, शनी आणि आपला चंद्र

मंगळ हळू फिरतो, एका फेरीला २४ तास ३७ मिनिटं. ६ अंशांसाठी पंचवीस मिनिटं थांबावं लागतं. पण मंगळाला एक खास सवलत आहे. दुसऱ्या दिवशी त्याच घड्याळाच्या वेळेला फोटो काढला तर मंगळ पूर्ण फेरीपेक्षा साधारण ९ अंश मागे असतो. झाली की जोडी! फक्त क्रम उलटतो: दुसऱ्या दिवशीचा फोटो आपण आधीचा समजायचा. मंगळाला घट्ट जमीन असल्यामुळे दिवसभराने फारसं काही बदलत नाही, धुळीचं वादळ नसेल तर. तिथला ऑलिंपस मॉन्स २२ किलोमीटर उंच आहे म्हणून डोंगर वर आलेला दिसेल अशी आशा मात्र ठेवू नका. मंगळाच्या ६,७७९ किलोमीटर व्यासापुढे ती उंची नगण्य आहे. दिसतो तो ग्रहाचा गोल.

शनी निराश करतो. त्याच्यावर ठळक खुणा कमी आणि कडी तर फिरूनही तशीच दिसतात, त्यामुळे दहा मिनिटांनी काढलेला फोटो जवळपास पहिल्यासारखाच असतो. एक वेगळा प्रयोग करता येतो. शनीच्या कड्यांचा आपल्याला दिसणारा कल वर्षानुवर्षं बदलतो, मार्च २०२५ मध्ये तर ती अगदी कडेवर आली होती. एक वर्षाच्या अंतराचे दोन फोटो घ्या, दोन्ही ९० अंशांत आडवे पाडा, म्हणजे कल बदलणं आपल्या डोळ्यांच्या रेषेत येतं. कडी उभी दिसतील, पण शनी त्यांच्या आत बसलेला जाणवेल. क्रम दोन्ही प्रकारे लावून बघा.

आपला चंद्र एकच बाजू दाखवतो हे खरं, पण तो थोडा मान हलवतो. पूर्व-पश्चिम दिशेत हे डोलणं मध्यापासून दोन्हीकडे आठ अंशांच्या आसपास जातं. डी ला रू यांनी याचाच फायदा घेतला. अडचण एवढीच की दोन्ही फोटोंत कला सारखी हवी, नाहीतर एका डोळ्यात विवराची सावली लांब आणि दुसऱ्यात आखूड होते. त्यामुळे चंद्राच्या जोडीला मिनिटं पुरत नाहीत, महिने जातात.

एकाच फोटोपासून बनवलेला थ्रीडी

हल्ली एका फोटोवरून थ्रीडी बनवणारी ॲप आहेत. ती फोटोत खोली कुठे असेल याचा अंदाज बांधतात आणि दुसऱ्या डोळ्याचं चित्र स्वतःच तयार करतात. ग्रहासाठी तर हे फारच सोपं आहे, कारण तो गोल असतो हे आधीच माहीत आहे. एक फोटो गोलावर चिकटवायचा आणि थोडा फिरवायचा. दिसायला खरं वाटतं, कधी कधी खऱ्या जोडीपेक्षा गुळगुळीतही. पण त्यात दुसरं निरीक्षणच नाही. वेस्लींच्या ठिपक्यासारखं काही त्यात असलं तरी ते सावली आहे की डाग, हे अशी जोडी कधीच सांगू शकणार नाही, कारण सॉफ्टवेअरने सगळंच एकत्र पृष्ठभागावर चिकटवलेलं असतं.

ओळखायचं कसं? आधी वेळ बघा. खऱ्या जोडीला दोन वेळा असतात. मग दोन्ही फोटो झूम करून ढगांमधला बारीक रवाळपणा तपासा. वेगवेगळ्या व्हिडिओंतून आलेल्या फोटोंत तो वेगवेगळा असतो. दोन्हीकडे प्रत्येक कण हुबेहूब तोच, फक्त सरकवलेला, असेल तर मूळ फोटो एकच आहे. आयो समोर असेल तर काम अजून सोपं: आयो आणि त्याची सावली ढगांना चिकटून बसली असतील, तर ती जोडी दुर्बिणीतून आलेली नाही.